रेझिन उतू जाऊ नये म्हणून
रेझिनमधले (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या द्रवातले) बुडबुडे काढायला व्हॅक्यूम चेंबरमध्ये, म्हणजे पंपाने हवा खेचून घ्यायच्या बंद भांड्यात, ठेवायचा कप पावच भरा. पंप सुरू झाला की रेझिन दुधासारखं फेसाळत वर चढतं. माझा पहिला कप असाच उतू गेला, अख्खी दुपार चेंबरचा तळ खरवडण्यात गेली. फेस काठाला आला की व्हॉल्व्ह किंचित उघडून थोडी हवा आत घ्या, फेस बसतो. मग पुन्हा हवा खेचा. व्हॅक्यूम गेजचा काटा २९ इंचांजवळ (पाऱ्याचे इंच; पुण्यात उंचीमुळे सुमारे दोन इंच कमीच) गेला आणि फेस एकदम कोसळला, की आणखी २-३ मिनिटं पुरे. पाच मिनिटांत घट्ट होणारं रेझिन मात्र या भानगडीत घालूच नका. साच्यात ओतताना धार बारीक धरा, नाहीतर बुडबुडे पुन्हा हजर.