म्यूटेबल अ‍ॅरेला ‘कॉपी’ लावताय? ऑब्जेक्टिव्ह-सीमधल्या या चुका टाळा

ऑब्जेक्टिव्ह-सी (अ‍ॅपलच्या उपकरणांसाठी अ‍ॅप लिहायची एक भाषा) वापरताय. प्रॉपर्टीचा (ऑब्जेक्टमधल्या एका मूल्याचा) टाइप एनएसम्यूटेबलअ‍ॅरे (बदलता येणारी यादी), कंपायलरची एकही वॉर्निंग नाही, तरी ‘अ‍ॅडऑब्जेक्ट’ केलं की अ‍ॅप क्रॅश. कन्सोलवर ‘अनरेकग्नाइज्ड सिलेक्टर सेंट टू इन्स्टन्स’, म्हणजे या ऑब्जेक्टला ही मेथडच माहीत नाही. अशा वेळी त्या ओळीशी झटापट करण्यात वेळ घालवू नका. प्रॉपर्टीचं डिक्लेरेशन उघडा, तिथे ‘कॉपी’ आहे का बघा.

‘कॉपी’ असेल तर कंपायलरने बनवलेला सेटर (प्रॉपर्टीत मूल्य ठेवणारी मेथड) आलेल्या अ‍ॅरेची कॉपी करून ठेवतो, आणि म्यूटेबल अ‍ॅरेचीही ‘कॉपी’ इम्म्यूटेबलच, म्हणजे न बदलता येणारीच, निघते. कंपायलर लिहिलेल्या टाइपवर विश्वास ठेवून गप्प बसतो. एररमधलं क्लासचं नाव मात्र खरं सांगतं: तिथे एनएसअ‍ॅरेआयसारख्या एखाद्या इम्म्यूटेबल क्लासचं नाव असतं. रिकामा अ‍ॅरे सेट केला असेल तर एनएसअ‍ॅरे-झीरो दिसू शकतं. डिक्शनरीचंही असंच होतं.

हा बग लपतो कुठे, तर ‘इनिट’मध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या मेथडमध्ये. तिथे आपण अंडरस्कोअरवाल्या इन्स्टन्स व्हेरिएबलमध्ये थेट अ‍ॅरे ठेवतो, म्हणजे सेटर चालतच नाही आणि सगळं सुरळीत वाटतं. पुढे कुणीतरी ‘सेल्फ-डॉट’ वापरून नवा अ‍ॅरे देतो आणि त्यानंतरचं पहिलंच ‘अ‍ॅडऑब्जेक्ट’ कोसळतं. त्यामुळे क्रॅश एकीकडे आणि कारण भलतीकडेच असतं.

उपाय सोपा आहे: म्यूटेबल कलेक्शनला ‘स्ट्राँग’ लावा; ते कॉपी न करता तोच ऑब्जेक्ट धरून ठेवतं. स्वतंत्र प्रत हवीच असेल तर सेटर स्वतः लिहा आणि त्यात ‘म्यूटेबलकॉपी’ करा.

पण म्हणून सगळीकडे ‘स्ट्राँग’ लावत सुटू नका. एनएसअ‍ॅरे, एनएसस्ट्रिंग यांना ‘कॉपी’च हवं. नाहीतर कुणी त्या जागी म्यूटेबल ऑब्जेक्ट दिला आणि मागाहून बदलला, तर तुमचा डेटा तुमच्या नकळत बदलतो. हा बग मला क्रॅशपेक्षा जास्त घातक वाटतो, कारण काहीच कोसळत नाही, फक्त स्क्रीनवर चुकीचं दिसत राहतं. ‘कॉपी’ महाग पडेल ही भीतीही नको. मुळात इम्म्यूटेबल असलेला अ‍ॅरे सहसा फक्त रिटेन होतो, म्हणजे नवी प्रत न बनता तोच धरून ठेवला जातो. मात्र कॉपी वरवरचीच असते, आतले ऑब्जेक्ट तेच राहतात.

‘वीक’ (ऑब्जेक्ट धरून न ठेवणारा संदर्भ) लावलं आणि दुसरं कुणी अ‍ॅरे धरून ठेवला नसेल, तर प्रॉपर्टी निल (रिकामी) होते. निलला पाठवलेला मेसेज मुकाट गिळला जातो, म्हणून यादी रिकामीच राहते.

आणि ‘अ‍ॅटॉमिक’वर विसंबू नका. ते फक्त गेटर-सेटरपुरतं, म्हणजे मूल्य वाचण्या-ठेवण्यापुरतं आहे. एका थ्रेडवर लूप चालू असताना दुसऱ्याने अ‍ॅरे बदलला तर ‘म्यूटेटेड व्हाइल बीइंग एन्युमरेटेड’ ही एरर (लूप चालू असताना यादी बदलल्याची) येऊ शकतेच. त्यासाठी वाचन-लेखन एकाच सीरियल क्यूवरून (कामं एकामागून एक करणाऱ्या रांगेवरून) करा.