अकाई एस९५० सॅम्प्लरमध्ये फ्लॉपीच्या जागी गोटेक कसा बसवावा

१९८८ सालचा अकाई एस९५० हा १२-बिट सॅम्प्लर, म्हणजे आवाजाचे तुकडे (सॅम्पल) साठवून ते वाजवणारं यंत्र, आजही दणदणीत वाजतो. आधी दगा देतो तो त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह. मशीन बंद केलं की मेमरीतले सगळे सॅम्पल पुसले जातात, म्हणून ड्राइव्ह बंद पडला तर मशीनही अडून बसतं. यावर सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे गोटेक. मशीनला तो फ्लॉपी ड्राइव्हच वाटतो, पण डिस्कऐवजी तो पेन ड्राइव्हवरच्या फाइली वाचतो; एक फाइल म्हणजे एक डिस्क.

साहित्य: साडेतीन इंची गोटेक, पेन ड्राइव्ह, दोन्ही टोकांना मोठा यूएसबी प्लग असलेली केबल, एक-दोन जंपर (दोन पिना जोडणारे छोटे तुकडे), फुली स्क्रूड्रायव्हर आणि मल्टिमीटर. छोटा ओएलईडी डिस्प्ले असलेला गोटेक घेतलात तर फाइलींची नावं दिसतात. तीन आकडी डिस्प्लेवर नुसता क्रमांक दिसतो आणि कोणत्या क्रमांकावर कोणता ड्रमसेट आहे ते वहीत लिहून ठेवावं लागतं.

जुना ड्राइव्ह काढण्याआधी जुन्या फ्लॉपींच्या प्रती करून घ्या. बाजारातला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह इथे चालत नाही. तो पीसीच्या ठरावीक फॉरमॅटपुरताच असतो, तर अकाई १०२४ बाइटचे सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे भाग) वापरतं. कोणत्याही फॉरमॅटची फ्लॉपी वाचून तिची फाइल बनवणारं ग्रीसवीझल हे कार्ड आणि पीसीचा जुना साडेतीन इंची ड्राइव्ह लागेल. फॉरमॅट निवडताना डबल डेन्सिटीसाठी ‘अकाई.८००’, हाय डेन्सिटीसाठी ‘अकाई.१६००’. तयार फाइलचा आकार अनुक्रमे ८,१९,२०० किंवा १६,३८,४०० बाइट हवा. आकार बरोबर असला तरी वाचताना सेक्टर गहाळ झाल्याचा संदेश आला असेल तर ड्राइव्हचं हेड साफ करून ती डिस्क पुन्हा वाचा.

गोटेकचं मूळ फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अकाईच्या कामाचं नाही. त्याऐवजी फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर टाका. बोर्डवरच्या बूट आणि ३.३ व्होल्ट या पिना जंपरने जोडून यूएसबी केबलने गोटेक संगणकाला लावा आणि फ्लॅशफ्लॉपीचा बूटलोडर (सुरुवातीला चालणारा छोटा प्रोग्रॅम) चढवा. बोर्डवर एसटीएम३२ चिप असेल तर आधी तिचं रीड प्रोटेक्शन (कुलूप) काढावं लागतं. नव्या बोर्डांवर आर्टरी कंपनीची चिप असते, तिचं सॉफ्टवेअर वेगळं. या वेळी गोटेकला दुसरीकडून वीज अजिबात देऊ नका. नंतर जंपर काढा, अपडेट फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा आणि दोन्ही बटणं दाबून धरत गोटेक सुरू करा.

पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून त्यावर एफएफ.सीएफजी ही सेटिंगची फाइल ठेवा. तिच्यात दोन ओळी महत्त्वाच्या: ‘इंटरफेस’पुढे ‘अकाई-एस९५०’ आणि ‘होस्ट’पुढे ‘अकाई’. फाइलीत हे सगळं रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायचं. पहिली ओळ विसरलात तर डेन्सिटीचा संकेत चुकतो, मशीन हाय डेन्सिटी डिस्क डबल डेन्सिटीच्या वेगाने वाचू पाहतं आणि चांगली डिस्कही खराब असल्याचं सांगतं. होस्टची ओळ नसेल तर फाइलची सेक्टर रचना चुकीची धरली जाते.

आता मशीन उघडा. मेनची वायर काढून थोडा वेळ थांबा. पॉवर सप्लायच्या भागाला हात लावू नका. मशीन परदेशातून आणलं असेल तर मागच्या पट्टीवरचा व्होल्टेज वाचा. १०० किंवा १२० व्होल्टचं मशीन आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलं तर जळेल.

जुन्या ड्राइव्हचा फोटो काढा. त्याचा सिलेक्ट स्विच किंवा जंपर (ड्राइव्हचा क्रमांक ठरवणारा) डीएस० वर असेल तर गोटेकवर एस० जोडा, डीएस१ असेल तर एस१. ड्राइव्हला जाणाऱ्या रिबन केबलची (चपट्या पट्टीच्या केबलची) रंगीत कड पिन १ च्या बाजूला आली पाहिजे. उलटी बसली तर सिग्नलच्या तारा ग्राउंडवर जातात आणि डिस्क दिसतच नाही. खरा धोका विजेच्या प्लगचा आहे. गोटेकला फक्त ५ व्होल्ट लागतात, तेव्हा रंगांवर विश्वास न ठेवता, रिबन आणि गोटेक लावण्याआधी मशीन क्षणभर चालू करून मल्टिमीटरने मोजा, मग पुन्हा मेन काढूनच जोडणी करा.

कोऱ्या डिस्कसाठी बरोबर १६,३८,४०० बाइटची रिकामी फाइल बनवा आणि सॅम्प्लरमधूनच फॉरमॅट करा. मग एक सॅम्पल सेव्ह करा, मशीन बंद-चालू करा, तोच परत लोड करा. ‘राइट प्रोटेक्ट’चा संदेश आला तर फाइल संगणकावर रीड-ओन्ली झाली आहे का ते पाहा. सेव्ह चालू असताना पेन ड्राइव्ह उपसू नका, आणि त्याची एक प्रत संगणकावर कायम ठेवा.