पाणवठ्याच्या आठवणी गोळा करताना

"जातिभेदाबद्दल सांगा" म्हटलं की म्हातारी माणसं "तसलं काही नव्हतं आमच्यात" म्हणून विषय मिटवतात. मुलांना घेऊन वस्तीतल्या पाण्याच्या आठवणी गोळा करायला निघालो, तेव्हा मीही सुरुवातीला असाच हात हलवत परत आलो. आता विचारतो, "घागर कुठे ठेवायचात? पाणी कोण ओतायचं? किती वेळ थांबायला लागायचं?" एका आजींनी उत्तर म्हणून नुसती ओंजळ धरून दाखवली, तोंड वर करून. मुलं गप्प झाली.

आधी वस्तीचा नकाशा खडूने जमिनीवर काढा. कागदावर नको, त्याच्याभोवती शिकलेलेच जमतात. विहिरी, हापसे, वाटा म्हाताऱ्यांनाच दाखवू द्या. रेकॉर्डिंग परवानगीनेच, आणि नंतर त्यांना ऐकवायचं. "हे काढ" म्हणाले तर काढायचं, वाद नाही.

मग कागदपत्रं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव मुंबई विधिमंडळात झाला १९२३ साली. तरी २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकरांना महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, आणि त्या तळ्याच्या हक्काबद्दल हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. मुलांना विचारा: आपल्या विहिरीवर हे कधी पोचलं? या 'कधी'वर दोन बैठका सहज जातात. साल आठवत नसेल तर बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, एवढं विचारा. बहुतेकांना सांगता येतं.

शेवटची बैठक टँकरच्या रांगेत घ्या. तो कोणत्या गल्लीत सगळ्यात उशिरा येतो, ते मुलांनाच वहीत लिहू द्या.