पिसांचा ट्रेबल लावूनही बास मासा निसटतोय? या चुका टाळा

पॉपर म्हणजे पाण्यावर तरंगणारा, झटका दिला की आवाज करणारा ल्युअर (नकली आमिष). त्याच्या शेपटीला पिसं बांधलेला ट्रेबल, म्हणजे तीन काट्यांचा गळ, लावला की तो एकदम झकास दिसतो. विकत घेताना नजर तिथेच जाते आणि पिसांचं काम नेमकं काय, हा प्रश्न बाजूलाच राहतो. ल्युअर ओढला जात असताना पिसं मिटून गळाच्या दांड्याला चिकटलेली असतात, तेव्हा त्यांचा फारसा उपयोग नसतो. ल्युअर थांबला की ती फुलतात आणि पाण्याच्या बारीकशा हालचालीनेही थरथरत राहतात. मागे मागे आलेला, पण तोंड घालावं की नाही अशा संभ्रमात असलेला बास पुष्कळदा याच क्षणी झडप घालतो.

या सोयीची किंमतही असते. पिसांनी वजन वाढतं, पाण्यातली ओढ वाढते आणि काट्यांच्या आतली मोकळी जागा कमी होते. पिसांच्या ट्रेबलबद्दलच्या बहुतेक तक्रारी यातल्याच कशात तरी दडलेल्या असतात.

न थांबता ओढत राहणं

पिसांचा पॉपर लावायचा आणि रीळ एकसारखं फिरवत राहायचं, यापेक्षा साधा ट्रेबल परवडला. दोन-तीन झटके द्या आणि थांबा. पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत थांबायला बऱ्याच जणांना जमत नाही, हात शिवशिवतात. पण पिसांचं काम त्या वर्तुळांनंतरच सुरू होतं.

थांबायचं म्हणजे फक्त रीळ बंद करायचं असंही नाही. झटका दिल्यावर रॉडचं टोक किंचित पुढे सोडून लाइन ढिली करा. लाइन ताणलेली राहिली तर ल्युअर तुमच्याकडे सरकत राहतो आणि पिसं मिटलेलीच राहतात. लाइन कोणती आहे यानेही फरक पडतो. फ्लुरोकार्बन बुडतं आणि थांबलेल्या पॉपरचं नाक खाली खेचतं. मोनोफिलामेंट (साधी नायलॉनची लाइन) त्या मानाने वर राहतं, त्यामुळे पाण्यावरच्या ल्युअरला ते बरं. ब्रेड (तंतू विणून केलेली लाइन) तरंगतं खरं, पण ढिलं पडलं की पुढच्या ट्रेबलला गुंडाळतं. ब्रेडच वापरायचं असेल तर पुढे हातभर जाड मोनो बांधा, निम्मा वैताग कमी होईल.

शेपटीला ठोकर बसते, मासा लागत नाही

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. लार्जमाउथ बास तोंड आणि कल्ले एकदम फाकवून पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. पिसं फार लांब असतील तर मागून आलेल्या माशाच्या तोंडात पिसांची टोकं जातात आणि काटे बाहेरच राहतात. पाणी उसळतं, रॉडला क्षणभर टुचकन जाणवतं आणि लाइन सैल. मासा लबाड निघाला म्हणून आपण मोकळे होतो.

माझं माप साधं आहे: काट्यांच्या बाकाच्या मागे पिसं गळाच्या स्वतःच्या लांबीपेक्षा जास्त जाऊ नयेत. मासे नुसतीच ठोकर देऊन जात असतील तर त्याहूनही आखूड. आता ती कमी करायची म्हणून कात्रीने सरळ कापू नका. कापलेल्या पिसाचं टोक झाडूसारखं बोथट होतं आणि टोकाची बारीक थरथर, म्हणजे ज्यासाठी पिसं लावली तीच, निघून जाते. पिसं ओली करा, टोकाशी दोन नखांत चार-सहा तंतू धरा आणि खुडा. मग थोडं वर सरकून पुन्हा खुडा. टोकं कमी-जास्त राहिली पाहिजेत.

लांबी ठीक असूनही मासा लागत नसेल तर जुडी किती जाड आहे ते बघा. ट्रेबल ओला करून उजेडात धरा. प्रत्येक काट्याचं टोक आणि दांडा यांच्यामधली जागा आरपार दिसायला हवी. तिथे पिसांचा बोळा झाला असेल तर काटा जबड्यात खोल जातच नाही. मधली काही पिसं बुडापासून काढून टाका. पिसं कमी झाल्याने मासे कमी होतात असं मला तरी कधी दिसलेलं नाही.

मग टोकाची धार. पिसांमुळे काटे नजरेआड राहतात, त्यामुळे बोथट झालेला काटा लवकर ध्यानात येत नाही. टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून सरकवा. रुततं असेल तर ठीक, घसरत असेल तर घासा किंवा ट्रेबलच बदला. आणि शेवटी आपला हात: पाणी उसळताच रॉड खेचायची सवय. माशाचं वजन लाइनवर जाणवेपर्यंत धीर धरा. नुसता आवाज ऐकून खेचलं तर ल्युअर उडून आपल्याच अंगावर येतो, आणि त्याला दोन-तीन ट्रेबल लटकलेले असतात.

सस्पेंडिंग जर्कबेट बुडायला लागतो

पॉपर तरंगणारा असतो, त्याला थोडं जास्त वजन चालून जातं. शेपटी जरा खाली बसली तर कधी कधी फायदाच होतो. सस्पेंडिंग जर्कबेटचं, म्हणजे झटके देत ओढायच्या ल्युअरचं, तसं नाही. तो पाण्यात अधांतरी थांबावा म्हणून कारखान्यात त्याचं वजन जुळवलेलं असतं. तिथे मूळ गळ काढून जाड तारेचा, पिसांचा गळ लावला की तो मागच्या बाजूने कलून हळूहळू खाली जातो. दोन कंपन्यांचे एकाच नंबरचे ट्रेबल सारख्याच वजनाचे असतील असं धरून चालू नका. तारेची जाडी वेगळी, दांड्याची लांबी वेगळी. बारीक वजनं दाखवणारा वजनकाटा असेल तर जुना आणि नवा गळ स्प्लिट रिंगसकट (गळ ल्युअरला अडकवणाऱ्या कडीसकट) तोलून बघा.

तोलायला काही नसेल तर बादलीभर पाणी पुरे. पण बहुतेक जण इथेच फसतात: कोरडा ल्युअर बादलीत सोडतात, तो छान थांबतो, आणि पाण्यावर गेल्यावर अर्ध्या तासाने बुडायला लागतो. कोरड्या पिसांत हवा अडकलेली असते आणि ती ल्युअरला वर उचलून धरते. पिसं भिजली की तो आधार जातो. म्हणून आधी पिसं पाण्यात बुडवून बोटांनी दाबा, बुडबुडे यायचे थांबले की मग ल्युअर सोडा. पाणी ज्या तळ्यात जायचंय तितपत गार किंवा कोमट ठेवा. गार पाणी जास्त घन असतं, त्यामुळे तोच ल्युअर गार पाण्यात वर येऊ बघतो आणि कोमट पाण्यात खाली जातो.

पहिल्या कास्टच्या (ल्युअर पाण्यात फेकण्याच्या) आधी पिसं भिजवणं हे पॉपरलाही लागू आहे. कोरडी पिसं पाण्यावर पसरून तरंगतात आणि पहिले काही कास्ट फुकट जातात.

नको त्या ल्युअरला, नको त्या जागी

पिसं शेपटीच्या गळाला. पोटाखालच्या ट्रेबलला बांधली तर लाइन, शेवाळ आणि मागचा गळ असं सगळं एकमेकांत अडकतं. मागचा ट्रेबलही लावल्यावर हाताने पुढे वळवून बघा. त्याचे काटे पुढच्या ट्रेबलपर्यंत पोचत असतील तर कास्ट करताना दोन्ही गुंतणारच. एक नंबर लहान गळ घ्या.

झारा स्पूकसारखा डावीकडे-उजवीकडे डोलत चालणारा ल्युअर असेल तर पिसं विरळच ठेवा. शेपटीची ओढ वाढली की डोलणं मंदावतं आणि तो नुसता पुढे सरकायला लागतो. पॉपरमध्ये मात्र हीच ओढ कामाची: ल्युअर प्रत्येक झटक्यात कमी अंतर कापतो आणि आडोशाजवळ जास्त वेळ राहतो. रिबेल कंपनीच्या पॉप-आर या पॉपरला मागचा ट्रेबल सजवलेलाच येतो, तो काही उगाच नाही. क्रँकबेट नावाच्या, भरभर ओढायच्या ल्युअरला पिसं लावायच्या भानगडीत मी पडत नाही. आणि पाण्यात तंतूंचं हिरवं शेवाळ असेल तर तिथे पिसं म्हणजे निव्वळ डोकेदुखी, दर कास्टला विंचरत बसावं लागतं.

स्वतः बांधताना

दांडा गुळगुळीत असतो. त्यावर थेट पिसं ठेवून दोरा गुंडाळला तर आख्खी जुडी गोल फिरते. आधी नुसत्या दोऱ्याचा एक थर द्या, त्यावर पिसं. पिसाच्या बुडाची लव काढा, पण बांधायच्या जागी थोडे तंतू राहू द्या. अगदी साफ केलेली काडी दोऱ्याखाली लोळते. पिसं काट्यांच्या समोर न ठेवता दोन काट्यांच्या मधल्या खाचेत बसवा. तीन खाचांत एक-एक किंवा दोन-दोन. पिसाचा बाक बाहेरच्या बाजूला ठेवला तर थांबल्यावर ती छान फुलतात, आत ठेवला तर जुडी सडपातळ राहते. कोंबड्याच्या पाठीचं लांब पीस टिकाऊ असतं आणि आकार धरून ठेवतं. माराबू नावाचं पीस जास्त मऊ आणि थरथरही सुंदर, पण चार मासे लागले की त्याच्या चिंध्या होतात. चमकीचे दोन-तीन धागे पुरे.

दोरा गळाच्या डोळ्यापर्यंत (वरच्या भोकापर्यंत) नेऊ नका. तिथे स्प्लिट रिंगला फिरायला जागा लागते. जागा नसेल तर ट्रेबल अडून राहतो आणि रिंगची कड दोरा कापत जाते. पिसं चार दिवसांत सुटली, अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा तिथेच बघा. शेवटी दोऱ्यावर यूव्ही रेझिन (अतिनील प्रकाशात घट्ट होणारा लेप) किंवा नेलपॉलिशचे दोन हात द्या. ते पिसांत झिरपू देऊ नका, नाहीतर बुडाशी ती काडीसारखी ताठ होतात.

डब्यात ठेवताना

ओला ल्युअर बंद डब्यात टाकला की गळाला गंज चढतो, आणि लाल पिसांचा रंग शेजारच्या पांढऱ्या ल्युअरच्या पोटाला लागू शकतो. आधी फडक्यात दाबा, मग टांगून वाळवा. जास्तीचे पिसांचे ट्रेबल वर्षभर कोपऱ्यात पडून राहिले तर कसर लागते, लोकरीच्या कपड्यांना लागते तशीच. घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा आणि मधूनमधून उघडून बघा.

मासा सोडवताना पक्कडच वापरा. पिसांखाली काटा नेमका कुठे आहे ते दिसत नाही आणि बास डोकं झटकतोच. काही तळ्यांवर ट्रेबलला किंवा बार्ब (टोकाजवळचा उलटा काटा) असलेल्या गळाला मनाई असते. तिथला नियम आधी वाचून घ्या. गरज पडली तर हीच पिसं एकेरी गळावर, बार्ब पकडीने दाबून बांधता येतात. सोबत तितक्याच वजनाचे दोन-तीन साधे गळ आणि रिंग उघडायची पक्कडही ठेवा. नुसत्या ठोकरा थांबत नसतील तर तिथेच पिसं काढून साधा गळ लावायला दोन मिनिटंही लागत नाहीत.