घोडेस्वारीचे फोटो धूसर येतात? लेन्सला दोष देण्याआधी या चुका टाळा

फोटो संगणकावर मोठा करून पाहिला की जीव खट्टू होतो. अडथळ्याच्या आडव्या दांड्यावरचे लाल-पांढरे पट्टे इतके स्पष्ट, की रंगाला गेलेले तडे मोजता यावेत. आणि त्याच दांड्यावरून झेपावणारा घोडा मात्र कापसासारखा मऊ. ७०-२०० मिमी एफ २.८ सारखी फास्ट, म्हणजे भरपूर प्रकाश आत घेणारी, झूम लेन्स हातात आली की सुरुवातीला बहुतेकांना हाच फोटो मिळतो, आणि लेन्सच खराब निघाली अशी शंका मनात घर करते. मी त्या शंकेत एक आख्खा हंगाम घालवला. लेन्स चांगली होती. घोडा कसा पळतो, कुठे झेप घेतो आणि त्याच्या चालीत कोणता क्षण बघण्यासारखा असतो, हे मी शिकले नव्हते. बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

आधी फोटोच तपासा

दोष नेमका कुठला, हे फोटो स्वतःच सांगतो. घोडा धूसर आहे, पण त्याच्या पुढची किंवा मागची वाळू कणाकणाने दिसते आहे, तर फोकस चुकला; शटर स्पीड कितीही वाढवलात तरी फरक पडणार नाही. घोड्याचा डोळा आणि लगामाची शिवण टोकदार, पण खुरांच्या आणि उडालेल्या वाळूच्या रेघा झाल्यात, तर फोकस बरोबर आहे आणि शटर कमी पडलं. खांब-कुंपणासकट सगळं चित्र एकाच दिशेला फरफटलेलं दिसत असेल तर कॅमेरा हलला.

चौथा प्रकार सगळ्यात फसवा. कुठलीच कड धड नाही, सरळ दांडासुद्धा वाहत्या पाण्यातून पाहावा तसा वाकडातिकडा दिसतो. वाळू तापली की तिच्यावरची हवा थरथरते, आणि लांबून टिपलेल्या फोटोत ती थरथर उतरते. याला कुठलीही लेन्स किंवा सेटिंग पुरी पडत नाही. सकाळच्या फेऱ्या टिपा, नाहीतर घोड्याच्या जवळची जागा शोधा.

एवढं करूनही शंका फिटत नसेल तर कॅमेरा तिकाटण्यावर लावा, रिकाम्या अडथळ्याच्या मधल्या दांड्यावर फोकस करा आणि फोटो काढा. लेन्सपुढे स्वस्तातला फिल्टर असेल तर तो उतरवूनही एक काढा. स्थिर दांडाही धूसर आला तरच लेन्स तपासायला द्यावी.

एफ २.८ चा हट्ट

पैसे एफ २.८ साठी मोजले, म्हणून दिवसभर एफ २.८ वरच राहायचं, म्हणजे लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) पूर्ण उघडंच ठेवायचं, ही फार सार्वत्रिक चूक आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २०० मिमीला, १० मीटरवरच्या घोड्यावर फोकस केला तर एफ २.८ ला पुढेमागे मिळून जेमतेम ४० सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. घोडा समोरून येत असेल तर त्याच्या नाकपुडीपासून स्वाराच्या चेहऱ्यापर्यंतचं अंतर याहून कितीतरी जास्त असतं. म्हणजे दोघांपैकी एकच स्पष्ट येणार, आणि तो कोण हे बऱ्याचदा नशिबावर. एफ ५.६ ला तो पट्टा दुप्पट होतो. एफ २.८ वरच राहून घोड्यापासून २० मीटरवर मागे सरकलात तर जवळपास चौपट होतो, आणि मागची पार्श्वभूमीही बऱ्यापैकी विरघळलेली राहते. उघड्यावरच्या प्रकाशात माझा काटा एफ ४ आणि एफ ५.६ यांच्यामध्ये असतो. घोडा बाजूने जात असेल तेव्हा, बंदिस्त हॉलमध्ये, आणि पार्श्वभूमीत जाहिरातींचे फलक दाटीने लावलेले असतील तेव्हा एफ २.८ खरोखर कामाला येतं.

स्टॅबिलायझर घोड्याला थांबवत नाही

स्टॅबिलायझर तुमच्या हाताची थरथर आवरतो. घोड्याचा वेग त्याच्या हातात नाही. रिंगणात अडथळे ओलांडण्याच्या शो जंपिंगमध्ये ठरवलेला वेग साधारण मिनिटाला ३५० ते ४०० मीटर असतो, आणि सर्वोच्च दर्जाच्या इव्हेंटिंगमध्ये (तीन प्रकारांची एकत्रित स्पर्धा) क्रॉस कंट्रीला, म्हणजे मोकळ्या मैदानातल्या अडथळ्यांच्या फेरीला, तो ५७० मीटरपर्यंत जातो, म्हणजे सेकंदाला साडेनऊ मीटर. त्या वेगाने बाजूने जाणारा घोडा १/२५० सेकंदात जवळपास चार सेंटिमीटर पुढे सरकतो. १/२००० ला जेमतेम अर्धा सेंटिमीटर. हा हिशेब झाला धडाचा. पुढे फेकला जाणारा खूर धडापेक्षाही बराच वेगाने जातो, म्हणूनच चेहरा स्पष्ट आणि पाय धूसर असे फोटो येतात.

उड्यांसाठी १/१६०० धरा आणि नाइलाज झाला तरच १/१००० ला उतरा. ड्रेसाजला, म्हणजे शिकवलेल्या चालींच्या सपाटीवरच्या स्पर्धेला, १/८०० बहुधा पुरतं. अंधाऱ्या हॉलमध्ये आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) ६४०० करायला बिचकू नका. फोटोतला दाणा नंतर बऱ्यापैकी कमी करता येतो, फरफटलेला डोळा परत जुळवता येत नाही.

फोकस दांड्यावर का जातो?

कारण कॅमेऱ्याला पट्टे आवडतात. लाल-पांढऱ्या दांड्याइतकी ठळक कड रिंगणात दुसरी नसते. घोडा अडथळ्याच्या मागे आल्यावर तुम्ही फोकस सुरू केलात तर कॅमेरा दांडाच पकडणार.

उपाय सोपा आहे, पण सवय लावून घ्यावी लागते. घोडा अडथळ्यापासून चार-पाच ढांगा लांब असतानाच सलग फोकस चालू करा, फोकसचं क्षेत्र लहान ठेवा, आणि मध्ये काही आडवं आलं तरी पकड लगेच सोडू नये असं ट्रॅकिंग निवडा. बहुतेक कॅमेऱ्यांत ही संवेदनशीलता कमी-जास्त करता येते. इथे ती कमी हवी. फोकस शटरच्या बटणाऐवजी कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर घेतला असेल तर घोडा दांड्याआड गेला की बटण क्षणभर सोडता येतं, हा मोठा फायदा. लेन्सवर फोकसचं अंतर मर्यादित करणारी कळ असेल तर तीही वापरा. फोकस हुकलाच तर लेन्स अगदी जवळच्या टोकापर्यंत जाऊन परतण्यात वेळ घालवत नाही.

डोळा ओळखणारे नवे कॅमेरे पुष्कळ मदत करतात, पण त्यांच्यासमोर इथे दोन चेहरे असतात. माणूस आणि प्राणी यांपैकी काय ओळखायचं ते आधी ठरवा. उडीत मी स्वाराची छाती ते घोड्याच्या मानेचा बुंधा एवढा भाग पकडते, कारण हेल्मेटच्या सावलीत स्वाराचे डोळे हरवतात आणि घोड्याचं डोकं सारखं वरखाली होतं. ड्रेसाजमध्ये घोड्याचा डोळा.

क्षण हुकतो तो कानामुळे

आता मुख्य गोष्ट. एकदा एका स्वार मुलीला मी माझ्या मते त्या दिवसाचा सर्वांत चांगला फोटो दाखवला. फोकस टोकदार, प्रकाश सोनेरी, घोडा हवेत. तिने एक क्षण पाहिला आणि म्हणाली, "ताई, इथे तो खाली यायला लागलाय." मी पुन्हा पाहिलं. पुढचे पाय उलगडून जमिनीकडे निघाले होते, घोडा बुडी मारल्यासारखा दिसत होता आणि ती स्वतः पुढे ढकलली गेली होती. तिला हवा होता त्याच्या जरा आधीचा क्षण: मागचे खूर नुकतेच सुटलेत, पुढचे गुडघे वर आणि दोन्ही सारखे दुमडलेत, कान टवकारलेत, आणि तिची नजर पुढच्या अडथळ्यावर आहे. घोड्याच्या जगातली माणसं फोटोत हेच शोधतात. त्यांच्यासाठी ती त्या जोडीच्या मेहनतीची नोंद असते.

सेकंदाला १० फोटो काढणारा कॅमेराही हा क्षण हमखास देत नाही. शो जंपिंगच्या वेगात दोन फोटोंमध्ये घोडा साठ-पासष्ट सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. शिवाय घोडा दिसला की बटण दाबून ठेवलं, तर नेमक्या उडीच्या वेळी कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी भरते आणि तो अडखळतो. छोटे बर्स्ट घ्या, तीन-चार फोटोंचे.

आणि ऐका. कँटरमध्ये, म्हणजे दुडकी आणि चौखूर यांच्या मधल्या चालीत, टापांची लय तीन ठोक्यांची असते, त्यानंतर एक पोकळी, कारण त्या क्षणी चारही पाय हवेत असतात. प्रत्येक ढांगेला घोडा एकदाच श्वास घेतो आणि सोडतो. कुंपणाशी उभं राहिलात तर ती फुरफुर स्पष्ट ऐकू येते. टप-टप-टप, फुर्र. टप-टप-टप, फुर्र. अडथळ्याजवळ ही लय किंचित आखडते, मागचे दोन पाय जवळजवळ एकत्र टेकतात, आणि मग टापांचा आवाज थांबतो. आवाज थांबल्यावर बटण दाबलंत तर उशीर झालेला असतो. ते मागच्या पायांच्या ठोक्यावर दाबायचं. पहिले दोन-चार स्वार कॅमेरा खाली ठेवून नुसते ऐकावेत, असं मी मनापासून सांगते.

सपाटीवरही क्षण निवडावा लागतो. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने पळत्या घोड्याच्या वाटेवर ओळीने कॅमेरे लावले, तेव्हा दिसलं की चौखूर धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार ते पुढे-मागे ताणलेले दाखवत आले होते. म्हणजे घोडा हवेत आहे एवढ्यानेच फोटो डौलदार होत नाही. पुढचा पाय पूर्ण लांबवलेला आणि खांदा उचललेला असतो ती वेळ बघा. कँटरमध्ये सगळा भार एका पुढच्या पायावर येतो, तेव्हा घोडा नाकावर पडल्यासारखा दिसतो. ते फोटो सरळ काढून टाका. ड्रेसाजला मान कमानदार, कानामागचा भाग सर्वांत उंच आणि चेहरा उभ्या रेषेत किंवा तिच्या किंचित पुढे हवा. हनुवटी छातीकडे ओढलेला फोटो जाणकारांना खटकतो, मग प्रकाश कितीही सुंदर असो.

उभं कुठे राहायचं

प्रत्येक अडथळ्याच्या उजवीकडे लाल आणि डावीकडे पांढरा झेंडा असतो, येणाऱ्या स्वाराच्या बाजूने पाहिलं तर. एवढ्यावरून घोडा कुठून येणार ते कळतं. मार्गाचा नकाशा लावलेला असतो, तोही फेरी सुरू होण्याआधी पाहून ठेवा. अडथळ्याच्या पुढच्या अंगाला, म्हणजे घोडा उतरतो त्या बाजूला, साधारण ४५ अंशांत उभं राहिलं की घोडा आणि स्वार दोघांचे चेहरे मिळतात आणि बाजूची चौकट आड येत नाही. एक गुडघा टेकून बसलात तर उडी उंच दिसते आणि मागची गर्दी खाली जाते.

७० मिमीवर अगदी जवळून काढलेल्या फोटोत घोड्याचं डोकं मोठं आणि मागचा भाग आखडलेला दिसतो. मागे सरका, १३५ च्या पुढे जा, घोडा प्रमाणात येतो. झूम मात्र झेपेच्या जागेसाठी आधीच लावून ठेवा आणि थोडी मोकळी जागा राखा. खूर आणि शेपूट कापली जातात ती याच घाईत. १.४ पटीचा एक्स्टेंडर (लेन्सची पोहोच वाढवणारा जोड) लावलात तर एफ २.८ चं एफ ४ होतं, २ पटीचा लावलात तर एफ ५.६, आणि फोकसही मंदावतो. हॉलमध्ये तो बॅगेतच बरा.

प्रकाश

काळा घोडा कॅमेरा करडा करून टाकतो, पांढराही करडाच करतो. प्रकाश स्थिर असेल तर एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा आणि स्वाराच्या पांढऱ्या ब्रीचेसची (घट्ट विजारीची) शिवण दिसते का, यावर ताडून पाहा. ढग येत-जात असतील तर ऑटो आयएसओ.

हॉलमधल्या दिव्यांखाली एक फोटो उजळ, दुसरा पिवळट, तिसऱ्यात आडवे पट्टे असं होत असेल, तर दिवे लुकलुकत आहेत. कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर सोय चालू करा आणि इलेक्ट्रॉनिक शटर सोडून मेकॅनिकल घ्या. घोड्यासोबत कॅमेरा फिरवताना उभे खांब तिरके झुकलेले दिसत असतील, तर त्यालाही बहुधा इलेक्ट्रॉनिक शटरच कारण असतं.

पॅनिंग, म्हणजे घोड्यासोबत कॅमेरा फिरवत फोटो काढणं, करायचं असेल तर १/६० ते १/१२५, आणि स्टॅबिलायझर पॅनिंगच्या मोडवर. कँटरमध्ये घोडा मान हलवतो, त्यामुळे धड स्पष्ट येऊनही डोळा पुसला जातो. दुडक्या चालीत डोकं बरंच स्थिर असतं. सराव तिथून सुरू करा.

घोडा तुम्हालाही बघतो

त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. कपाळासमोरचा आणि पाठीमागचा छोटा भाग सोडला तर त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फ्लॅश अजिबात नको. घोडा अडथळ्याकडे वळला की जागा बदलू नका, छत्री उघडू नका, एकदम उठू नका. पावसाळी आवरणाचं सुटलेलं प्लास्टिक वाऱ्यावर फडफडतं. ते रबराने बांधून ठेवा. एका फडफडीने घोडा अडथळ्यापाशी थबकू शकतो, आणि पडतो तो स्वार. क्रॉस कंट्रीला दोरीच्या आत पाऊल टाकू नका, आणि शिट्टी ऐकू आली की वाट मोकळी करा.

शेवटच्या अडथळ्यानंतर

घोडा शेवटचा दांडा ओलांडतो, आणि आम्ही सगळे माना खाली घालून पडद्यावर उडीचे फोटो बघायला लागतो. नेमकं त्याच वेळी स्वार लगाम सैल सोडतो, पुढे वाकतो आणि घोड्याच्या मानेवर थाप देतो. दोन-तीन सेकंदांत ते संपतं. पडदा पाहू नका. कॅमेरा डोळ्यालाच ठेवा, झूम १०० मिमीच्या आसपास आणा, शटर १/८०० वर आणि ॲपर्चर आता एफ २.८ वर: हात, घामेजलेली आयाळ आणि मागे वळलेला घोड्याचा एक कान.