लघवीतलं प्रथिन आणि जिवाणूची पकड: प्रकल्प निवडणाऱ्यांसाठी

खान्देशातले सूक्ष्मजीवशास्त्राचे बरेच विद्यार्थी एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मूत्रमार्गाचा संसर्ग घेतात. आपल्याकडे त्याचे रुग्ण कमी नाहीत. कापूस वेचायला गेलेल्या बाया आडोसा नसतो म्हणून पाणी कमी पितात, लघवी दाबून ठेवतात. वर आपला उन्हाळा. पण प्रकल्प ठरलेल्या वाटेने जातो: जिवाणू वेगळा करायचा, कोणतं अँटिबायोटिक चालतं ते बघायचं, झालं. मी जिवाणू चिकटतो कसा यावर काम केलं. नव्या मुलांनी इकडे वळावं असं मला मनापासून वाटतं.

ई. कोलाय या जिवाणूच्या अंगावर बारीक तंतू असतात. टाइप 1 तंतूच्या टोकाला फिमएच हे प्रथिन असतं आणि ते मूत्राशयाच्या पेशींवरची मॅनोज साखर पकडतं. तशीच साखर युरोमोड्युलिनवरही असते. हे प्रथिन मूत्रपिंडात तयार होतं, निरोगी माणसाच्या लघवीत सगळ्यात जास्त तेच असतं. जिवाणू त्यालाच धरून बसतो आणि लघवीबरोबर बाहेर जातो. टॅम आणि हॉर्सफॉल या शास्त्रज्ञांनी 1950 मध्ये ते वेगळं केलं, तेही साध्या मिठाने!

ती कृती आजही करता येते. निरोगी माणसाच्या लघवीत लिटरला सुमारे 34 ग्रॅम मीठ विरघळवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. तळाशी युरोमोड्युलिनचा पांढुरका साका बसतो. तो सेंट्रिफ्यूज करून डिस्टिल्ड वॉटरमध्ये घ्या. मग काचपट्टीवर यीस्टचा थेंब (यीस्टच्या अंगावरही मॅनोज असते), त्यात जिवाणू. पट्टी हलवली की डोळ्यांना दिसतील असे कण गोळा होतात. मॅनोज घातलं की ते होत नाहीत. आता मॅनोजच्या जागी तुम्ही वेगळं केलेलं युरोमोड्युलिन घालून बघा. जिवाणू मात्र न हलवता ब्रॉथमध्ये वाढवा, शेकरवर हे तंतू नीट येत नाहीत.

सगळेच जिवाणू असे अडत नाहीत. काहींच्या अंगावर पी नावाचे दुसरे तंतू असतात, ते वेगळी साखर धरतात, त्यांना युरोमोड्युलिन रोखत नाही. कॅथेटरवर (लघवीसाठी घातलेल्या नळीवर) तर उलटंच: तिथे जमलेल्या फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाला एन्टेरोकोकस हा दुसरा जिवाणू चिकटतो, म्हणजे शरीराचंच प्रथिन त्याला जागा करून देतं. म्हणून ‘प्रथिन संरक्षण करतं’ असं सरसकट लिहू नका.

एथिक्स कमिटीकडे अर्ज सगळ्यात आधी करा. आणि गावात नमुना मागताना अहिराणीत बोला, कशासाठी हवा ते नीट सांगा, जिचा नमुना घेतला तिचा रिपोर्ट तिला नेऊन द्या.