परदेशी स्थायिक होताना सोलापूरची गाडी सोबत नेताय? या चुका टाळा

परदेशी स्थायिक होताना घरची गाडी सोबत नेण्याचा विचार बहुतेक कुटुंबांत व्हिसा हाती आल्यानंतर सुरू होतो, आणि पहिली चौकशी होते ती जहाजभाड्याची. हा क्रमच उलटा आहे. भाडे किती, कंटेनर कुठे भरायचा, विमा कुणाकडून घ्यायचा हे सगळे नंतरचे प्रश्न आहेत. ज्या देशात आपण जात आहोत तो देश आपल्या गाडीची नोंदणी करून देणार आहे का, एवढे आधी विचारायला हवे. सोलापुरातून निरनिराळ्या देशांत जाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांसाठी या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच येते, आणि ते घरी बसून कळले तर काहीही नुकसान होत नाही. बंदरात कळले तर मात्र फार महागात पडते.

त्या देशाचा नियम न पाहता गाडी पाठवणे

नोकरीसाठी आखाती देशांत जाणाऱ्यांनी हा विचार मनातून काढून टाकावा, असे मी स्पष्टच सांगतो. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबिया येथे रहदारी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीची तेथे सामान्य वापरासाठी नोंदणी होत नाही. आपल्याकडची गाडी नेमकी तशीच असते. अमेरिकेत अडचण वेगळी आहे. तेथील सुरक्षा मानकांनुसार न बनवलेली गाडी कायमची आणायची असेल तर ती किमान २५ वर्षे जुनी असावी लागते, आणि कॅनडात हीच मर्यादा १५ वर्षांची आहे. म्हणजे चार वर्षांपूर्वी होटगी रस्त्यावरच्या शोरूममधून घेतलेली गाडी या दोन्ही देशांत व्यवहारतः नेता येत नाही. सिंगापूरमध्ये याच्या उलट नियम आहे: वापरलेली गाडी ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि गाडी बाळगण्याचा परवाना तेथे लिलावातून वेगळा विकत घ्यावा लागतो.

उरतात ते प्रामुख्याने ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, जेथे आपल्यासारखीच डावीकडून रहदारी आहे. येथे आणखी एक गैरसमज भेटतो: ‘गाडी बीएस-६ आहे, म्हणजे युरो-६च झाली, मग अडचण कसली?’ बीएस-६ हे धुराचे मानक आहे. धडकेतील सुरक्षितता, दिवे, काचा आणि सीटबेल्ट यांचे पुरावे त्यात येत नाहीत, आणि भारतीय बाजारासाठी बनवलेल्या मॉडेलला परदेशातले मान्यतापत्र असतेच असे नाही. म्हणून ब्रिटनमध्ये १० वर्षांपेक्षा कमी वयाच्या अशा गाडीला सहसा स्वतंत्र तपासणीतून जावे लागते, जिला तेथे इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल म्हणतात. या तपासणीत दिवे किंवा वेगमापक बदलावे लागले तर तो खर्च आपलाच असतो. ब्रिटनचा वेगमापक मैलात वाचता यावा लागतो, हेही अनेकांच्या लक्षात राहत नाही.

वडिलांच्या नावावरची गाडी

ही चूक सर्वांत जास्त घरांत होते आणि सर्वांत उशिरा उघडकीस येते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. आपल्याकडे गाडी घरची असते. नाव वडिलांचे, हप्ते मुलाचे, आणि चालवणारे तिघे. पण स्थलांतर करणाऱ्याला मिळणारी करसवलत घराला मिळत नसते, ती त्या एका व्यक्तीला मिळते. ब्रिटनमध्ये ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’ ही सवलत हवी असेल तर अर्जदार किमान १२ महिने ब्रिटनबाहेर राहिलेला असावा आणि गाडी किमान ६ महिने त्याच्या ताब्यात व वापरात असावी. ऑस्ट्रेलियाच्या वैयक्तिक आयातीच्या वाटेने जायचे तर ऑस्ट्रेलियाबाहेर सलग १२ महिने मालकी आणि वापर दाखवावा लागतो. आरसी वडिलांच्या नावावर असताना ‘गाडी तशी माझीच आहे’ हे सांगून भागत नाही.

उपाय आहे, पण तो वेळ मागतो. फॉर्म २९ आणि ३० भरून सोलापूरच्या आरटीओत मालकी हस्तांतर करून घ्यावे, विमाही त्याच नावावर करावा आणि त्या तारखेपासून महिने मोजावेत. ज्यांना पुढच्या वर्षी जायचे आहे त्यांनी हे काम आजच करावे. जे पुढच्या महिन्यात निघणार आहेत त्यांनी सवलत मिळेल असे गृहीत धरून हिशेब मांडू नये, कारण सवलत नसेल तर ब्रिटनमध्ये सीमाशुल्काच्या वर २० टक्के व्हॅट लागतो आणि तो गाडीची किंमत, जहाजभाडे व शुल्क या सर्वांच्या बेरजेवर आकारला जातो. सवलत मिळालीच तर पहिले १२ महिने ती गाडी विकता, भाड्याने देता किंवा कुणाला वापरायला देता येत नाही.

नावाच्या स्पेलिंगचेही तसेच आहे. आरसीवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे फक्त आद्याक्षर, असे फरक आपल्याला किरकोळ वाटतात. परक्या देशाच्या कस्टम अधिकाऱ्याला त्या दोन वेगळ्या व्यक्ती वाटू शकतात. आरसी, पासपोर्ट, विमा आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) या चारही कागदांवर एकच नाव हवे. चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः गाडीवर वाचून आरसीशी ताडून पाहावेत.

कर्ज आणि ई-चलने मागे ठेवून निघणे

गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय ती देशाबाहेर काढण्याचा प्रयत्न करू नये. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरची बोज्याची नोंद काढून घ्यावी. केवळ कर्ज फिटले म्हणून ती नोंद आपोआप जात नाही. थकीत ई-चलने भरावीत, फास्टॅग बंद करावा आणि गाडी कायमची परदेशी नेत असल्याचे आरटीओला लेखी कळवून पोच घ्यावी. एमएच १३ च्या त्या क्रमांकावर पुढे काही प्रश्न उद्भवला तर नोटीस येणार ती जुळे सोलापुरातल्या आई-वडिलांच्या दारात, हे ध्यानात असावे.

वरवर धुतलेली गाडी

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश माती, बियाणे आणि कीटक यांच्या बाबतीत अतिशय कडक आहेत, आणि आपला जिल्हा काळ्या मातीचा व ज्वारीचा आहे. हे दोन्ही एकत्र आले की काय होते ते माझ्या मावसभावाच्या बाबतीत पाहिले. त्याची गाडी मेलबर्नला जायची होती. त्याने ती रॅम्पवर चढवून दोनदा धुवून घेतली होती आणि चकचकीत दिसत होती. ‘दादा, सीट काढून बघितलीस का?’ असे मी विचारलेही होते. पण मंगळवेढ्याच्या शेतावर त्या गाडीतून अनेकदा पोती गेली होती. तपासणीत सीटखालच्या मॅटमध्ये ज्वारीचे दाणे आणि चाकांवरच्या पत्र्याच्या घडीत वाळलेली काळी माती सापडली. गाडी अडकली, तेथे पुन्हा साफ करावी लागली आणि त्याचे पैसे त्यानेच भरले.

म्हणून सीट आणि मॅट बाहेर काढून व्हॅक्यूम करावे, इंजिनासमोरची रेडिएटरची जाळी, स्टेपनीची जागा, बंपरच्या आतली बाजू आणि दारांच्या खालची पोकळी तपासावी, आणि त्यानंतर गाडी कच्च्या रस्त्यावर नेऊ नये. जुन्या गाडीच्या ब्रेक लायनर किंवा गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असेल तर ऑस्ट्रेलियात तिला प्रवेश नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेथील आयात परवानगी हाती येण्याआधी गाडी जहाजावर चढवायचीच नाही.

डिकी रिकामी आहे म्हणून तिच्यात चादरींचे गठ्ठे, शेंगाचटणीचे डबे आणि कडक भाकरी भरण्याचा मोह सोलापूरकराला आवरत नाही, हे मी जाणतो. तरीही तो आवरावा. गाडीच्या कागदांत न दाखवलेले सामान निघाले तर संपूर्ण खेप तपासणीसाठी थांबते, आणि खाद्यपदार्थ असतील तर ते नष्ट होतात. चादरी घरसामानाच्या यादीत दाखवून वेगळ्या पाठवाव्यात.

कार्नेटला कायमची परवानगी समजणे

कार्नेट हा गाडीचा तात्पुरता प्रवासपरवाना आहे. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन तो देते. त्यावर नेलेली गाडी मुदतीत त्या देशाबाहेर काढावीच लागते, नाहीतर शुल्काची वसुली आपण ठेवलेल्या हमीतून होते. स्थायिक होणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

जहाज, विमा आणि बंदरातले भाडे

सोलापूरहून गाडी सहसा पुणेमार्गे मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला जाते आणि तेथे कंटेनरमध्ये बसते. २० फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे ५.९ मीटर असते, त्यामुळे साधी सेडान किंवा एसयूव्ही आरामात मावते. छतावरचे कॅरिअर मात्र काढून ठेवावे. टाकीत इंधन अगदी थोडे ठेवावे आणि बॅटरीची जोडणी सोडवावी. भारतातली मोटार पॉलिसी समुद्रप्रवासाला किंवा त्या देशातल्या रस्त्याला लागू होत नाही, म्हणून सागरी विमा वेगळा घ्यावा आणि गाडी सोपवण्याआधी सर्व बाजूंचे तारखेसह फोटो काढावेत.

गाडी पोहोचल्यावर कागद अपुरे पडले तर बंदरातले भाडे दिवसागणिक चढते. अशा वेळी आपल्या कस्टम ब्रोकरकडून (सीमाशुल्काचे काम करून देणाऱ्या मध्यस्थाकडून) नेमका कोणता कागद कमी आहे ते लेखी घ्यावे आणि सोलापुरात एका माणसाच्या नावे मुखत्यारपत्र आधीच करून ठेवावे, म्हणजे आरटीओ किंवा बँकेतले काम आपण विमानाने न येता होऊ शकेल. ब्रिटनमध्ये गाडी पोहोचल्यापासून १४ दिवसांत तेथील करखात्याला कळवावे लागते; ही मुदत घर शोधण्याच्या धावपळीत हमखास चुकते.

परत येणाऱ्यांनीही हेच गणित उलट बाजूने मांडावे. भारतीय सीमाशुल्क कायद्यात मोटारगाडी ही प्रवासी सामानात धरली जात नाही. वापरलेली गाडी आणायची तर ती उत्पादनापासून ३ वर्षांपेक्षा जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावे, आणि शुल्क व उपकर मिळूनच किमतीच्या शंभर टक्क्यांहून अधिक होतात.

हे सर्व वाचून गाडी येथेच विकण्याचे ठरले, तरी विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचे (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचे) पत्र मागून घ्यावे. हा बोनस मालकाचा असतो, तो गाडीसोबत विकला जात नाही. ३ वर्षांच्या आत परत येऊन नवी गाडी घेतली तर तो भारतात वापरता येतो, आणि परदेशातल्या काही विमा कंपन्याही अपघातमुक्त वर्षांचा पुरावा म्हणून असे पत्र विचारात घेतात.